तुमचा खाडा कुठे मांडलाय?

मागच्या अंकात मी सहज एक ओळ टाकली होती, की शेवटची सुट्टी कधी घेतलीत आणि त्या दिवशी काय केलंत ते कळवा. त्यावर जी पत्रं आलीयेत ना, ती वाचताना मला दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही. सुट्टीत कोणी गॅसवाल्याची वाट बघत बसलंय, कोणी सासऱ्यांना डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलंय, कोणी माळा काढलाय, कोणी मुलाच्या शाळेत पेरेंट्स मीटिंगला गेलंय, आणि एका ताईंनी पोस्टकार्डावर फक्त दोन शब्द लिहिलेत, "आठवत नाही". सगळी पत्रं घेणं शक्य नाही म्हणून पाच घेतलीयेत, नावं काढून आणि जरा कापून.

प्रश्न : ताई, मी डोंबिवलीला राहते, वय ३९, फोर्टला एका प्रायव्हेट कंपनीत अकाउंट्सला आहे. पावणेपाचला उठते, तीन डबे आणि सासूबाईंचं वेगळं कारण त्यांना शुगर आहे, मग सातच्या सुमाराची फास्ट पकडते, चौथी सीट मिळाली तरी नशीब समजायचं, आणि संध्याकाळी घरी यायला पावणेआठ होतात. येताना गाडीतच भाजी निवडून होते. नवरा चांगला आहे हो, व्यसन नाही काही नाही, सांगितलं की मदतही करतो पण प्रत्येक गोष्ट सांगावी लागते. यंदाच्या आठ सीएल संपल्या. तीन धाकट्याच्या तापात, दोन गौरी-गणपतीत, एक सासूबाईंच्या तपासणीला, एक प्लंबर येणार होता म्हणून आणि एक नणंदेकडे वास्तुशांत होती तेव्हा. मागच्या महिन्यात एका बुधवारी मी रोजच्यासारखी स्टेशनवर गेले, गाडी आली, आणि मी चढलेच नाही. बाकावर बसून राहिले. दीड तास. गाड्या येत होत्या जात होत्या, मी चहासुद्धा घेतला नाही. मग ऑफिसला फोन केला की गाड्या लेट आहेत. कोणालाच सांगितलं नाही हे. त्या दीड तासात मला इतकं बरं वाटलं की नंतर भीती वाटली. मला एक दिवस कोणीच नको असं वाटतं, मुलंसुद्धा. हे असं वाटणं चुकीचं आहे का?

उत्तर : चुकीचं अजिबात नाही. हे पहिल्या ओळीतच लिहिते, कारण अख्खं पत्र तू त्या शेवटच्या प्रश्नासाठी लिहिलंयस हे कळतंय. मुलं तुला हवीच आहेत गं, एक दिवस कानावर हाक नको आहे एवढंच. बाकावर तुला कोणी "आई माझा मोजा कुठाय" म्हटलं नाही, कोणी व्हाउचर मागितलं नाही, आणि पुढचं काय करायचंय हे डोक्यात चालू नव्हतं.

मी स्वतः बावीस वर्षं कल्याण ते व्हीटी केलंय. १९९२ला चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली, मग आपल्या मध्य रेल्वेवरही आली, त्याचा आनंद मला अजून आठवतो. डब्यातलं हळदीकुंकू, डोहाळजेवणं, सगळं केलंय आम्ही. आणि ठाणं सुटलं की पिशव्या उघडायच्या. मेथीची जुडी मांडीवर, देठं एका पिशवीत, पानं दुसऱ्या पिशवीत, शेजारणीने न सांगता अर्धी जुडी आपल्या मांडीवर ओढून घ्यायची, डोंबिवली यायच्या आत भाजी तयार. लोक त्याचं फार कौतुक करतात, पेपरात फोटो येतात. मला मात्र आता मागे वळून बघताना वाटतं की आमची दुसरी ड्यूटी घरी पोचायच्याही आधी, मुंब्र्याच्या खाडीवरच सुरू होत होती आणि ते आम्हाला कळतही नव्हतं.

आता एक काम कर. स्वयंपाकघरात कालनिर्णय लटकत असेलच, ते उतरव आणि ह्या महिन्याचं पान बघ. दुधाचे खाडे मांडलेले असतील, पेपरचे असतील, मावशींचे असतील, आणि ते अक्षर तुझंच असणार. मावशींचे महिन्याला दोन खाडे आपण धरूनच चालतो, त्याचे पैसे कापत नाही, माणूस आहे ती म्हणतो. त्या पानावर तुझा खाडा कुठाय? गेल्या वर्षीचं कॅलेंडर रद्दीत गेलं नसेल तर त्यात पण बघ.

तेव्हा पहिलं म्हणजे तारीख ठरव आणि लाल पेनाने मांड. सीएल संपल्यात लिहिलंयस, पण ईएलचं तू काहीच लिहिलं नाहीस. आपल्या राज्याच्या २०१७च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात वर्षात आठ सीएल आहेत तशीच, वर्षभरात २४० दिवस भरले असतील तर दर वीस दिवसांमागे एक भरपगारी रजा आहे, आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. तुझ्या नक्की पडून असतील, सॅलरी स्लिप बघ. आपण बायका त्या "अडीअडचणीला असू दे" म्हणून मंगळसूत्रासारख्या जपतो. त्यातली एक काढ, मधल्या वारची, मुलांची शाळा असेल अशा दिवशीची. आणि घरात सांगून काढ. लपवून घेतलेल्या दीड तासाची तुला भीती वाटली, ती लपवण्यामुळे वाटली, बसण्यामुळे नाही. नवऱ्याला, सासूबाईंना आठवडाभर आधी सांगायचं की अमुक तारखेला माझा खाडा आहे, मी सकाळी नऊला जाणार संध्याकाळी सहाला येणार, डबे मी करणार नाही. कारण विचारलं तर "कारण नाही" एवढंच सांग.

घरात थांबू नकोस मात्र. थांबलीस तर दुपारी बारापर्यंत तुला माळा दिसेल, आणि चारपर्यंत तो साफ झालेला असेल. कुठे जायचं सुचत नसेल तर डाऊन गाडी पकड आणि अंबरनाथला जा, पाच स्टेशनं आहेत, रोजच्या उलट दिशेला. तिथलं शिवमंदिर शिलाहारांच्या काळचं आहे, अकराव्या शतकातलं, बाहेरच्या भिंतीवरची मूर्ती न् मूर्ती निवांत बघायला दोन तास कमी पडतात. सोमवारी आणि शिवरात्रीला गर्दी असते, एरवी शांत असतं. नाहीतर नुसती त्याच बाकावर जाऊन बस, पण ह्या वेळी चहा घे.

आता दुसरं, जे एका दिवसाने सुटणार नाही. "सांगितलं की मदत करतो" हे वाक्य मला ह्या महिन्यात किती पत्रांत दिसलं विचारू नकोस. मदत म्हटली की काम तुझं ठरलं आणि तो पाहुणा ठरला. केंद्र सरकारने २०२४मध्ये टाइम यूज सर्व्हे केला, घरकामात कोणाचा किती वेळ जातो ते मोजलं, तर जे घरकाम करतात त्यांच्यातसुद्धा बायकांची दिवसाला २८९ मिनिटं निघाली आणि पुरुषांची ८८. आणि ह्यात डोक्यातला वेळ धरलेलाच नाही, म्हणजे गाडीत उभ्याउभ्या उद्या गवार करायची की दुधी, शुगरच्या गोळ्या किती उरल्या, युनिफॉर्म वाळला असेल का, हा जो हिशोब चालू असतो तो.

म्हणून त्याला तुकडे देऊ नकोस, एक आख्खं खातं दे. सासूबाईंची औषधं घे उदाहरणार्थ, आई त्याची आहे. गोळ्या किती उरल्या हे बघणं, डॉक्टरांची चिठ्ठी सांभाळणं, मेडिकलवाल्याला फोन, तपासणीची तारीख, डॉक्टरकडे नेणं आणि त्यासाठी रजा टाकणं, सगळं त्याचं. एका रविवारी बसून त्याला नीट समजावून दे, गोळ्यांचं नाव कागदावर लिहून फ्रिजवर लाव, त्याच्या फोनमध्ये अलार्म लावून दे आणि मग त्या खात्यात तोंड घालू नकोस. हे सगळ्यात अवघड आहे, मला माहितीये, आपल्याला जीभ चावावी लागते. पहिले दोन महिने तो गोंधळेल, मग शिकेल. ऑफिसमध्ये शिकतोच की.

आणि एक सांगून ठेवते. बाकावर बसून बरं वाटलं ते ठीकच, पण रोजच गाडीत चढायला पाय उचलेनासे झाले, झोप उडाली, विनाकारण रडू येत राहिलं तर १४४१६ला फोन कर. सरकारचा टेली-मानस नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. हे मी तुला आत्ताच सांगतीये, तेव्हा शोधत बसायला नको.

प्रश्न : मी छत्रपती संभाजीनगरला कपड्यांच्या शोरूममध्ये सेल्समन आहे, वय २६. आम्ही तीस-पस्तीस जण आहोत. सोमवारची सुट्टी असते पण लग्नसराई आणि दिवाळीत सलग दोन-दोन महिने ती रद्द होते, बदली सुट्टी मिळत नाही. मालक म्हणतात घरचं दुकान समजा. आई गावाकडे एकटी असते, तिला भेटून अडीच महिने झाले. सुट्टी मागितली तर कामचुकार वाटेल का?

उत्तर : अरे बाळा, नाही वाटणार, आणि वाटलं तरी माग. तुला एक गोष्ट सांगते जी शाळेत कोणी सांगत नाही. मुंबईच्या गिरण्यांमध्ये पूर्वी आठवड्याची सुट्टीच नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे म्हणून होते, जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु' पत्र चालवायचे. त्यांनी १८८४ला साडेपाच हजार कामगारांच्या वतीने मागण्यांचा अर्ज दिला, की रविवारी सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास विश्रांती द्या, पगार वेळेवर द्या. सहा वर्षं झगडावं लागलं. १८९०च्या एप्रिलमध्ये दहा हजार कामगारांची सभा झाली, त्यात दोन कामगार बाया उठून बोलल्या, विचार कर त्या काळात, आणि मग १० जून १८९०ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार म्हणजे आपल्या खंडोबाचा वार. तेव्हा सुट्टी मागणारे कामचुकार असते तर आज कोणालाच रविवार मिळाला नसता.

आता कायद्याचं. आठवड्यात सलग चोवीस तास सुट्टी हा तुझा हक्क आहे. सीझनमध्ये ती हुकली तर दोन महिन्यांच्या आत बदली सुट्टी द्यावी लागते. शिवाय वर्षात आठ सणांच्या भरपगारी सुट्ट्या, त्यातल्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर ह्या ठरलेल्या. तू आजपासून एका वहीत तारखा मांडायला लाग, कुठल्या सोमवारी काम केलं ते. भांडायला जाऊ नकोस, दोघं-तिघं मिळून जा, एकट्याने मागितलं की नजरेत येतं. वही दाखवा आणि सांगा की सीझन संपल्यावर आम्ही आळीपाळीने घेतो, दुकान बंद पडणार नाही. बहुतेक मालक एवढ्यावर ऐकतात. नाहीच ऐकलं तर कामगार आयुक्तांचं कार्यालय तुमच्याच शहरात आहे. आणि पहिली सुट्टी मिळाली की आईकडे जा, तिला आज फोन कर पण.

प्रश्न : नमस्कार. मी पुण्यात वाकडला राहतो, आयटीत आहे, वय ३५. क्लायंट अमेरिकेचा. सकाळी दहाला हिंजवडीला जातो, सातपर्यंत घरी येतो आणि मग कॉल सुरू होतात ते अकरा-साडेअकरापर्यंत. मुलगी चार वर्षांची आहे. परवा बघितलं तर ती केसांचा बेल्ट कानावर हेडफोनसारखा लावून बसली होती आणि मम्माला म्हणत होती "श्श, मी म्यूटवर नाहीये". बायको हसली, मी पण हसलो, आणि नंतर बाथरूममध्ये जाऊन मला रडू आलं. बायको पण नोकरी करते, तिचं बँकेत आहे. शनिवार-रविवार मी निम्मा वेळ झोपतो निम्मा लॅपटॉपवर. ३१ रजा पडून आहेत. मागायची भीती वाटते कारण आमच्याकडे तीन महिन्यांपूर्वीच लोक काढले, आणि घराचा हप्ता आहे. काय करू?

उत्तर : तुमची भीती खरी आहे, त्यामुळे "नोकरी सोडा, मनाचं ऐका" असलं काही मी लिहिणार नाही. हप्ता भरायचाय तर नोकरी पाहिजेल. पण नोकरी आणि हे साडेअकरापर्यंतचे कॉल ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ते आधी वेगळं करू.

पुढचे दोन आठवडे रोज रात्री लिहून काढा, कुठल्या कॉलवर तुम्ही खरंच बोललात, आणि कुठल्या कॉलवर नुसते हजर होतात. माझा भाचा तुमच्याच धंद्यात आहे, त्याला मी हे करायला लावलं तर आठवड्याच्या चौदा कॉलपैकी पाचांत तो बोलला होता. मग मॅनेजरकडे जा, पण "मला घरी वेळ देता येत नाही" असं म्हणत जाऊ नका, त्यावर तो सहानुभूती दाखवेल आणि काहीच करणार नाही. असं म्हणा की मंगळवार आणि गुरुवारचा कॉल रेकॉर्ड होऊ दे, मी सकाळी ऐकून माझी उत्तरं त्यांचा दिवस सुरू व्हायच्या आत पाठवून ठेवतो. नेमका दिवस, नेमका कॉल, नेमकी सोय. एवढं साधं मागणं नाकारायला जड जातं.

आणि ह्याची घाई करा, कारण एक गोष्ट तुम्हाला माहीत असेलच पण मुलीच्या बाजूने बघितली नसेल. न्यूयॉर्कचा सकाळी दहाचा कॉल उन्हाळ्यात आपल्याकडे साडेसातला असतो, नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळं मागे गेली की तोच कॉल साडेआठला होतो, आणि साडेआठ म्हणजे चार वर्षांच्या मुलीची नेमकी झोपायची वेळ. मार्चपर्यंत ती तुमच्याशिवाय झोपणार. चार वर्षांच्या लेकराला चार महिने म्हणजे किती मोठा काळ असतो. तेव्हा पावणेआठ ते पावणेनऊ हा एक तास, निदान तीन दिवस, स्वतःच्या कॅलेंडरमध्ये ब्लॉक करून टाका. त्या तासात फोन दुसऱ्या खोलीत. जेवण भरवा, गोष्ट सांगा, तीच तीच चिमणी-कावळ्याची सांगा, तिला तीच हवी असते.

फ्रान्समध्ये २०१७पासून कायदा आहे की ऑफिस सुटल्यावर ऑफिसशी संपर्क न ठेवण्याचा हक्क कामगाराला आहे, ऑस्ट्रेलियात २०२४ला आला. आपल्याकडे सुप्रिया सुळेंनी लोकसभेत असं खासगी विधेयक मांडलं होतं, पण कायदा काही झालेला नाही. व्हायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे, पण तोपर्यंत मुलगी मोठी होईल.

एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिली नाहीत ती मी विचारते. तुम्ही शनिवार-रविवार झोपता तेव्हा बायको काय करते? तीही बँकेत आठवडाभर राबून आलेली असते. तेव्हा शनिवारी सकाळी आठ ते बारा मुलगी तुमची. बायकोने कुठे जायचं ते तिला ठरवू दे, झोपायचं असेल तर झोपू दे. आणि मुलगी रडली तर बायकोला फोन करायचा नाही. ३१ रजांमधल्या पाच रजा पुढच्या दोन महिन्यांत काढा, एकदम, आधी कळवून. लगेच गोव्याचं बुकिंग वगैरे करू नका, त्यातही दमणूक आहे. आईवडील गावी असतील तर तिकडे जा, लॅपटॉप वाकडलाच राहू दे. आणि तो केसांचा बेल्ट तिच्याकडून मागून घ्या एकदा, तुम्ही कानाला लावा आणि तिच्याशी कॉल करा. ती काय काय बोलते ते मला कळवा, खरंच कळवा.

प्रश्न : मी ठाण्यात राज्य सरकारी नोकरीत आहे. मुलगी दहावीला आहे. बालसंगोपन रजा घ्यावी का? घरचे म्हणतात आता ती मोठी आहे, कशाला फुकट घालवतेस.

उत्तर : ही रजा राज्य सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना पूर्ण नोकरीत १८० दिवस मिळते आणि मूल अठरा वर्षांचं होईपर्यंतच घेता येते, म्हणजे आता नाही घेतली तर ती खरी फुकट जाईल. घ्या. पण मुलीच्या टेबलासमोर खुर्ची टाकून बसायला घेऊ नका. तिला आधी विचारा की तुला मी कधी घरी हवीये, अभ्यासाच्या सुट्टीत की पेपर चालू असताना. माझ्या एका मैत्रिणीच्या मुलीने सांगितलं होतं, "आई तू फक्त दुपारी घरी अस, मला एकटीला जेवायला नको वाटतं." तिच्या आईने त्याप्रमाणे रजा घेतली, दोघी रोज दुपारी एकत्र जेवल्या.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, वय ६७, मूळ कोल्हापूरची. नातू झाला तेव्हा सहा महिन्यांसाठी म्हणून पुण्याला मुलाकडे आले त्याला आता अडीच वर्षं झाली. सून गुणी आहे, मला काही तोडून बोलत नाही. दोघं सकाळी नऊला जातात, संध्याकाळी साडेसातला येतात, दिवसभर नातू माझ्याकडे. जीव आहे त्याच्यावर माझा. पण माझे गुडघे बोलतात आता, आणि आमचे हे तिकडे घर सांभाळून एकटेच असतात, मेसचा डबा खातात. माझी भिशी सुटली, भजनी मंडळ सुटलं, संध्याकाळी रंकाळ्यावर फिरणं सुटलं. शनिवार-रविवार दोघांना सुट्टी असते तेव्हा ते दोघं म्हणतात "आई जरा बघतेस का, आम्ही आठवड्याचं सामान घेऊन येतो". मुलांना वाईट वाटेल म्हणून बोलत नाही. आम्हाला रिटायरमेंटनंतर सुट्टी नसते का हो?

उत्तर : बाई, तुम्हाला बाईच म्हणते, शिक्षिका होतात. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. वर ज्या तरुण मुलामुलींनी लिहिलंय ना, त्यांच्यासारख्या किती घरांचा डोलारा एका आजीच्या गुडघ्यांवर उभा असतो, आणि त्या आजीचा खाडा कोणीच मांडत नाही, कारण प्रेमाने करते म्हटल्यावर हिशोब कसला. पण प्रेमाने केलं तरी गुडघे दुखतातच की. आणि तुमच्या ह्यांचंही आहे ना, ते तिकडे डबा खातायत ते कोणाच्या खात्यात मांडायचं?

मुलाशी बोला, आणि बोलताना सुनेला समोर बसवूनच बोला, म्हणजे तिला मागाहून कळलं असं व्हायला नको. "मला त्रास होतो" म्हणून सुरुवात केलीत तर ते दोघं घाबरतील, डॉक्टरकडे नेतील, गुडघ्यांना तेल आणतील आणि मूळ गोष्ट राहून जाईल. तुम्ही वर्गात वेळापत्रक लावायचात तसं लावा. दर तीन महिन्यांनी मी वीस दिवस कोल्हापूरला जाणार, पहिली फेरी अमुक तारखेला, तोपर्यंत सोय करा. आणि शनिवारी मला नातवाची जबाबदारी नाही, सामान आणायला त्याला घेऊन जा. ट्रॉलीत बसायला आवडतं मुलांना.

सोय काय करायची ते त्यांनी बघायचं, पण तुमच्या मनाला बरं वाटावं म्हणून सांगते, मार्ग आहेत. अडीच वर्षांचं मूल पाळणाघरात राहू शकतं, आधी अर्धा दिवस, मग पूर्ण, तुम्ही पुण्यात असतानाच सवय लावा म्हणजे तुम्ही गेलात आणि पाळणाघर सुरू झालं असं दोन्ही एकदम त्याच्यावर यायला नको. सुनेच्या ऑफिसात पन्नास किंवा जास्त माणसं असतील तर २०१७पासून कायद्याने त्यांनी पाळणाघराची सोय ठेवायलाच हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन येऊ द्यायला हवं. पुष्कळ मुलींना हे माहीतच नसतं, ऑफिसला आजवर कोणी विचारलेलंच नसतं. सुनेला विचारू दे. वीस दिवसांतले काही दिवस मुलाने रजा काढावी, काही तिने, वर वाचलंत ना, रजा पडून असतात लोकांच्या.

नातू पहिले दोन-तीन दिवस आजी आजी करेल. रात्री व्हिडिओ कॉल करा, एकदाच करा. दिवसात पाचदा "जेवला का, झोपला का" विचारत राहिलात तर तुम्ही कोल्हापुरात असूनही इकडेच अडकलेल्या असाल, आणि सून बिचारी उत्तरं देत बसेल.

तारीख मात्र आजच मांडा. आषाढ धरा हवं तर, त्र्यंबोलीच्या यात्रेला तुमचं मंडळ जातच असेल. स्वारगेटहून एसटीने जा, मार्च २०२३पासून बायकांना अर्धंच तिकीट आहे. पुढची सीट घ्या, गुडघे लांब करता येतात, आणि ह्यांना आधी फोन करून सांगा की त्या दिवशीचा डबा बंद करा.